हैबतरावांच्या चरित्राला सुमित्राताईंची प्रस्तावना

बँकेने माझी बदली जबलपूरला केली, तेव्हा राइट टाउनमध्ये सुमित्राताईंच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. ताई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माहेर इथलंच, निंबगावकरांचं. घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि इथलंच झालं. थोरले भाऊ विष्णुपंत, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लोखंडी फाटकं आणि जाळ्या बनवायचा कारखाना. वडील लवकर गेले, ताईंना शिकवलं ते भावाने. पोरीला एम.ए. काहून करायचं, असं घरातले म्हणत असताना विष्णुपंत त्यांना स्कूटरवर बसवून परीक्षेला नेत. हे ताई मला कितीदा तरी सांगत.

या घराण्याचे मूळपुरुष सरदार हैबतराव. गादीसाठी दोन चुलत भावांत यादवी पेटली, तेव्हा धाकट्या भावाचे ते सेनापती. कुणी त्यांना राज्य वाचवणारा म्हणे, कुणी कसाई. शंभर वर्षांपूर्वी एका वकिलाने त्यांचं चरित्र लिहिलं, आणि इतकं देखणं लिहिलं की नंतर कुणी वाद घालायच्या भानगडीत पडलंच नाही. निंबगावकरांच्या घरी ते पोथीसारखं वाचलं जाई. लहानपणी ताई त्यातली पानंच्या पानं पाहुण्यांसमोर म्हणून दाखवत.

मराठी मंडळाने ते चरित्र पुन्हा छापायचं ठरवलं. विष्णुपंत मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "प्रस्तावना आमची सुमी लिहील."

ताईंनी हिवाळाभर ते चरित्र पुन्हा वाचलं. सकाळी गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसायच्या. मी बँकेत निघताना एखादं वाक्य वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "असं मराठी आता कोण लिहितं?" मग एक दिवस त्यांनी मला थांबवलं. चेहरा उतरलेला होता.

"हे बघा. या प्रकरणात थोरल्या भावाची माणसं हत्यारं टाकून शरण येतात. पुढच्या प्रकरणात हैबतराव छावणीत परततात. सोबत काय काय आलं ते सगळं दिलंय. तोफा, घोडे, बैलसुद्धा. माणसं कुठे गेली?"

त्यांनी दोन्हींच्या मधलं एक वाक्य बोटाने दाखवलं: नदीकाठी शिक्षा झाल्या.

"शिक्षा झाल्या," ताई म्हणाल्या. "पाऊस झाला म्हणतात ना, तशा. कुणी केल्या ते वाक्यातच नाही. आणि मी हे वाक्य फ्रॉक घालत होते तेव्हापासून पाठ म्हणून राहिले."

प्रस्तावना मीच टाइप केली. पहिला अर्धा भाग कौतुकाचा होता, मनापासून केलेला. लढाईचं वर्णन, सेनापतीचा एकाकीपणा, वकिलाची भाषा. मग ते वाक्य. त्यावर ताईंनी लिहिलं होतं: "चरित्रकाराला काय घडलं ते ठाऊक नव्हतं, असं मला वाटत नाही. ज्याला ठाऊक नसतं तो चुकीचं लिहितो. ज्याला ठाऊक असतं, तोच इतकं थोडं लिहितो. हे पुस्तक थोर आहे, आणि त्याच्या थोरपणामुळेच ही माणसं दुसऱ्यांदा मेली."

विष्णुपंतांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं. ताई वाचून दाखवायला गेल्या, मला सोबत नेलं. पहिला भाग ऐकताना म्हातारा मांडीवर ताल धरत होता. मुलगी अपूर्वा चहा घेऊन आली, तर तिला म्हणाला, "सुन, सुन, तेरी आत्या क्या लिखती है!" मग ताई त्या वाक्याशी आल्या. विष्णुपंतांचा हात थांबला.

"बस," ते म्हणाले. "काहून लिहून राहिली तू हे?"

"दादा, पुस्तकातच आहे. मी बाहेरून काही आणलं नाही."

"लढाईत माणसं मरतात, सुमे."

"ही लढाई संपल्यावर मेली. शरण आलेली."

"अच्छा. मग तेवढा मजकूर काढ. बाकी फार छान आहे."

"बाकी सगळं त्याच्यासाठीच लिहिलंय, दादा."

विष्णुपंतांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "तू लग्न होऊन गेली. तुझं नाव बदललं. हे नाव घेऊन आम्हालाच जगायचं आहे." ताईंनी कागद टेबलावर ठेवले आणि उठल्या.

पुढे बहीणभावाचं बोलणं बंद झालं. प्रकाशन झालं, ताईंना बोलावणं आलं नाही. प्रस्तावना दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतली असेल, असं आम्ही धरून चाललो. मग अपूर्वा एक प्रत घेऊन आली. प्रस्तावना ताईंचीच होती, पहिला अर्धा भाग, खाली त्यांचं नाव. त्या वाक्यापासून पुढचं काहीच नव्हतं.

ताईंनी मंडळाच्या कार्यवाहांना फोन लावला. ते फार नम्रपणे बोलले. "ताई, जागेअभावी तेवढा भाग वगळला गेला."

"कुणी वगळला?"

"वगळला गेला, ताई."

भावालाच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. पण त्याच आठवड्यात विष्णुपंतांना पक्षाघाताचा झटका आला. ताई रोज दवाखान्यात जात. भावाची वाचा गेली होती. डोळे उघडे, ओळख होती की नाही कळत नव्हतं. ताई त्यांच्या हातावरून हात फिरवत बसत. विचारायचं ते अगदी ओठावर येई, असं त्यांनी मला सांगितलं, पण अशा माणसाला कसं विचारणार? नर्मदेकाठी ग्वारीघाटला विष्णुपंतांना अग्नी दिला, तेव्हाही ताईंना ठाऊक नव्हतं की कात्री भावाने चालवली की त्याच्या नावावर दुसऱ्या कुणी.

तेराव्याला आलेले लोक त्यांच्यापाशी येऊन सांगत होते, "काय सुंदर लिहिलंत ताई! दादांचं स्वप्न पुरं केलंत." ताई प्रत्येकाकडे बघत राहिल्या. भावाच्या फोटोला हार घातलेला, समोर वहिनी बसलेल्या. तिथे काय सांगणार?

नंतर एकदा त्यांनी अपूर्वाला सगळं सांगायचा प्रयत्न केला. तिला मराठी कळतं, पण वाचायचं म्हटलं की अडखळते. म्हणून ताईंनी हिंदीत सांगितलं. अपूर्वाने शांतपणे ऐकून घेतलं, मग आत्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "इतनी पुरानी बात है, आत्या. पापा भी नहीं रहे. रहने दो ना अब."

पूर्ण मजकूर कुठेतरी छापून आणू, असं मी सुचवून पाहिलं. ताई म्हणाल्या, "वाचणार कोण? आणि वाचलं तरी म्हणतील, भाऊ गेल्यावर तोंड फुटलं."

त्यांनी वाचन सोडलं. गच्चीवरची खुर्ची खाली नेली. परवा दारात एक गृहस्थ भेटले, जवळच्या पाटणहून आलेले, हातात ते चरित्र. "ही प्रस्तावना आपणच लिहिली ना?" त्यांनी विचारलं.

"हो," ताई म्हणाल्या, "मीच लिहिली." आणि पुस्तकावर सही करून दिली.