पहिल्या मिनिटाचे आकडे

आमचे काका दुकानात कॉम्प्युटर तपासतात. एकाच नावाचा प्रोसेसर लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपइतकाच पळतो का, असं गिऱ्हाइकानं विचारलं, की ते दोन्ही मशीन शेजारी ठेवतात, दोघांना एकच लांबलचक व्हिडिओ तयार करायला लावतात आणि डोळे मिटून बसतात. पंख्यांची घरघर खोलीभर पसरते. दुपार तिच्यावर हलकेच तरंगत राहते.

गिऱ्हाईक उतावीळपणे पडद्याकडे बोट दाखवतं, "दोन्ही सारखेच की!"

"पहिल्या मिनिटाचे आकडे मला सांगू नका," काका खेकसतात. "तेव्हा सगळेच शूर असतात."

हळूहळू लॅपटॉप तापतो, त्याचा पंखा धापा टाकायला लागतो आणि वेग उतरतो. डेस्कटॉप आपल्या ऐसपैस पेटीत तसाच पळत राहतो. काकांना हे सगळं नुसत्या आवाजावरून कळतं.

परवा आम्ही जिना चढत होतो. काका पुढे, मागे काकू, शेवटी मी. अर्ध्यावर काका एकदम थांबले, मागे न बघताच दोन पायऱ्या उतरले आणि पायरीवर टेकलेल्या काकूंशेजारी बसले.

"तुम्ही व्हा पुढे, मला काही झालं नाही," काकू म्हणाल्या.

"गप गं, ऐकू दे," काका खेकसले, आणि डोळे मिटून काकूंचा श्वास संथ होईपर्यंत ऐकत राहिले.