चौथ्या पॅनलवरचा बोर्ड

मी वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे. आसपासच्या गावांत मला ‘लाईटवाली म्याडम’ म्हणतात. जवळा बाजारच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून शेतांमध्ये आमचं उपकेंद्र आहे. एक खोली, ओळीनं उभे चार पॅनल, टेबल, लॉगबुक आणि फोन. एकेका पॅनलवरून पाच-सहा गावांची लाइन जाते. ब्रेकर पडला की त्या गावांची लाईट जाते, मी तो परत चालू केला की येते. नोकरी लागली तेव्हा माझ्या वडिलांनी सगळ्या वस्तीला सांगितलं होतं, पोरगी खुर्चीत बसून काम करते.

आम्ही चौघं होतो. एकाची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलं नाही. दुसऱ्याचं पाठीचं ऑपरेशन झालं. उरलो दोघं. पाळी आठ तासांची, पण आम्ही बारा-बारा तास बसायला लागलो. आठवड्याची सुट्टी गेली. साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, “वर कळवलंय. थोडं अ‍ॅडजस्ट करा, म्याडम.” थोडं म्हणता म्हणता सात महिने झाले.

त्यात गव्हाच्या पाण्याचे दिवस आले. कुणीतरी माझा स्वतःचा नंबर गावाच्या ग्रुपवर टाकला. मग घरीसुद्धा फोन सुरू झाले. “म्याडम, लाईट काहून गेली?” “गहू वाळून राहिला, तुमी तिकडं काय करून राहिले?” हे बरे फोन. काही माणसं शिव्या देत, त्या मला इथं लिहिता येणार नाहीत. एकजण रोज त्याच वेळेला फोन करायचा, काही न बोलता नुसता श्वास घ्यायचा. नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून. नवरा म्हणाला, पोलिसात जाऊ. मी म्हटलं, वेळ कधी आहे?

हळूहळू माझं काहीतरी बिघडत गेलं. फोन वाजत नसतानाही वाजल्यासारखा वाटायचा. भाकरी तोंडात फिरायची, गिळली जायची नाही. लॉगबुकात वेळ लिहायची आणि पुढच्या क्षणाला ती लिहिली का, हे आठवायचं नाही. उपकेंद्राच्या संडासात नळ सोडून रडायचे, कारण गेटवर कुणी ना कुणी उभं असायचं. माझी चार वर्षांची लेक एकदा म्हणाली, “आई, तू माझ्याशी फोनवर बोलल्यावानी काहून बोलतीस?” मी तिच्यावर ओरडले. नंतर तिला जवळ घ्यायला गेले तर ती आजीच्या मागं जाऊन उभी राहिली.

त्याच काळात जिल्ह्याच्या गावी आम्हाला ताण कमी करायच्या प्रशिक्षणाला बोलावलं. कशीबशी मिळालेली एकुलती एक सुट्टी त्यात गेली. पांढऱ्या शर्टातल्या सरांनी डोळे मिटायला लावले. म्हणाले, दीर्घ श्वास घ्या, मनात शांत तळं आणा. मी डोळे मिटले. कानात तो नुसता श्वास घेणारा माणूस आला. मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून राहिले. हजेरीवर सही मात्र केली.

आमचे लाइनमन होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. कळमनुरीचे. तीस वर्षं खांबावर गेलेली. दाढी पिकलेली, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. माझ्या वडिलांच्या वयाचे, मला ‘बेटा’ म्हणायचे. लाइनवर काम करायचं असेल तेव्हा ते मला फोन करून परवानगी घेत, आम्ही त्याला परमिट म्हणतो. मी ती लाइन बंद करायची, पॅनलवर ‘माणसे काम करत आहेत’ असा लाल बोर्ड अडकवायचा. चाचा खांबावरून उतरून परमिट परत करेपर्यंत तो बोर्ड कुणी हलवायचा नाही. नियमाप्रमाणे बाहेर अंगणातला मोठा खटकाही उघडायचा असतो, म्हणजे ब्रेकर चुकून चालू झाला तरी लाइन तुटलेलीच राहते. त्याचं हँडल महिन्याभरापासून अडकलेलं होतं. दोनदा लिहून दिलं होतं. म्हणून आम्ही नुसत्या ब्रेकरच्या आणि बोर्डाच्या भरवशावर काम करत होतो.

त्या दिवशी माझ्या जोडीदाराच्या घरी मयत झाली. मी आदल्या संध्याकाळी बसले होते, सकाळी मला सोडवायला कुणी आलं नाही. साहेब म्हणाले, दुपारपर्यंत कुणाला तरी पाठवतो. अकराच्या सुमाराला चाचांचा फोन आला. तिसऱ्या लाइनवर तार तुटून लोंबत होती. मी तिसरा ब्रेकर बंद केला, परमिटचा नंबर लिहिला, बोर्ड अडकवला. टेबलावर माझा मोबाइल वाजतच होता. चाचा म्हणाले, “बंद केली ना, बेटा?” मी म्हटलं, “व्हय चाचा, बंद.” ते क्षणभर थांबले, “बरं” म्हणाले आणि ठेवला.

अर्ध्या तासानं वरच्या मोठ्या केंद्रातूनच सप्लाय गेला. बाकीचे ब्रेकरही पडले, चारही पॅनल मेले. दहा मिनिटांत सगळ्या गावांचे फोन सुरू झाले आणि गेटवर आठ-दहा माणसं येऊन उभी राहिली. एकजण गेट हलवत ओरडत होता, “बाई झोपली का आत? कुणाला बसवलंय इथं!” सप्लाय परत आला. आता बोर्ड असलेला पॅनल सोडून बाकीचे एकेक चालू करायचे. मी पहिला चालू केला. दुसरा केला. तिसरा केला.

धाड्कन आवाज झाला आणि तिसरा लगेच पडला.

मी बोर्डाकडं पाहिलं. बोर्ड चौथ्या पॅनलवर होता. मीच अडकवला होता.

ते कळलं तेव्हा मी ओरडले का, मला आठवत नाही. गेटवरची माणसं नंतर म्हणाली की म्याडम ओरडली. मी चाचांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत. माझ्या डोळ्यापुढं त्यांची बायको आली. ईदला तिनं माझ्या लेकीसाठी शीरखुर्म्याचा डबा पाठवला होता. मी फरशीवर बसले. मला वाटलं, आता मी इथून उठणारच नाही. चाचा गेले असतील तर मी कशाला उठू? बाहेर कुणीतरी अजूनही लाईट कधी येणार म्हणून विचारत होतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. लॉगबुकाप्रमाणे नऊ मिनिटं. मग फोन आला.

“बेटा,” चाचांचा आवाज फाटलेला होता. “मी खाली हाय. जित्ता हाय. तू आता काहीच चालू करू नको.”

तासाभरानं ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आले. आवाजानं दचकून हात सुटला आणि ते कमरेच्या पट्ट्यात लोंबकळले होते, उजवा खांदा निखळला होता, चेहरा राखेसारखा. लाइनला हात लावण्याआधी त्यांनी कामाच्या दोन्ही बाजूंना तारेवर साखळ्या टाकून त्या जमिनीत उतरवल्या होत्या. म्हणून सगळा करंट जमिनीत गेला आणि ब्रेकर पडला. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी डाव्या हातानं मला उठवलं.

“चाचा, तुमी साखळी टाकली म्हणून…”

“रोज टाकत न्हाई,” ते म्हणाले. “खोटं काहून बोलू? घाईत कैकदा सोडतो. आज टाकली.”

“आज का?”

ते माझ्याकडं बघत नव्हते. “फोनवर तुझा आवाज ऐकला. पंधरा दिवसांपासून ऐकून राहिलो. मनात म्हटलं, हे लेकरू आज चुकणार. म्हणून दोन्ही बाजूला टाकली.” मग म्हणाले, “माझीबी चूक हाय. मी माझा जीव वाचवला, पण साहेबाला काही बोललो न्हाई. तुलाबी इचारलं न्हाई की बेटा, तकलीफ काय हाय.”

त्या बोलण्यानं मला जेवढं लागलं तेवढं कुठल्याच शिवीनं लागलं नव्हतं. ज्या माणसाला मी वडिलांसारखं मानत होते, तो माझ्यापासून जीव वाचवायला साखळ्या टाकत होता. आणि त्याचं बरोबर होतं.

चाचांनी लॉगबुक माझ्यापुढं ओढलं. “लिही. जसं झालं तसं. लपवलं तर उद्या दुसरा कुणी मरंल.” मी लिहिलं. बोर्ड चुकीच्या पॅनलवर, हे लिहिलं. खाली माझी ड्यूटी कधी सुरू झाली तेही लिहिलं आणि अंगणातलं हँडल कधीपासून अडकलंय तेही. साहेब आले, वाचलं आणि म्हणाले, “म्याडम, शेवटच्या दोन ओळींची गरज होती का?” चाचा खांदा धरून उभे होते. ते म्हणाले, “गरज हाय.”

मला नोटीस मिळाली. चौकशी चालली तीन महिने, मला ताकीद देऊन सोडलं. हँडल मात्र आठवड्यात दुरुस्त झालं. नवऱ्यानं मला परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं. सासूबाई म्हणाल्या, लोक येडी म्हणतील. तो म्हणाला, म्हणू द्या. गोळ्या सुरू झाल्या, मी महिनाभर घरी राहिले. त्या महिन्यात मी सुधारले असं मला म्हणता येत नाही. मी नुसती झोपले, आणि जागी असले की ब्रेकर पडल्याचा तो आवाज ऐकायचे.

परत हजर झाले त्या दिवशी साहेब म्हणाले, आज जरा जास्त थांबावं लागेल. मी कागद घेतला आणि लिहून दिलं की आठ तासांनंतर मी पॅनलला हात लावणार नाही. ते चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, मग शेजारच्या उपकेंद्रातून माणूस पाठवायला लागले. तो माणूस ते सातही महिने शेजारीच होता. कुणी मागितला नव्हता एवढंच.

चाचांचा खांदा पुरता बसला नाही. त्यांना खांबावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना हार उजव्या हातानं घेता आला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वाजवता आल्या नाहीत.

मी अजून तिथंच आहे. फोन कमी झालेले नाहीत. पोलिसात तक्रार दिल्यावर तो श्वास घेणारा तेवढा थांबला. बोर्ड अडकवला की मी नंबर मोठ्यानं म्हणते, मग दोन पावलं मागं जाते आणि परत वाचते. काही दिवशी तिसऱ्यांदाही वाचते, चौथ्यांदाही, आणि तरी खात्री पटत नाही. तेव्हा मी लाइनमनला फोनवर सरळ सांगते, “दादा, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. जरा थांबून काम घ्या.” पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता लाज वाटते, पण सांगते.