कराची ते मुंबई, चार तास

नगर स्टेशनावर आई माझ्या नवऱ्याशी भांडत होती. ते भिंगारला लष्करी कोठारात कारकून होते आणि ऐन लढाईत त्यांची बदली कराचीला झाली होती.

"पोरीला येवढ्या लांब कुठं नेता, जावईबापू?"

ते तिची समजूत घालू लागले, "आई, आता विमान निघालंय. मुंबई ते कराची साडेपाचशे मैल, चार तासांत."

"चार तास? म्हंजी बेलापूरला तुझ्या मावशीकडं जाऊन यायाला लागत्यात तेवढंच की!" आई माझ्याकडे वळून म्हणाली आणि शांत झाली.

आमच्यासारखे विमानात कुठले बसायला! आम्ही बोटीनं गेलो. आईला मात्र तसं कळवलं नाही.

कराचीत शेजारी टिकमदास मास्तर राहायचे, विधुर. त्यांची लेक गोपी मला 'अदी' म्हणायची, म्हणजे ताई. नाताळच्या करंज्या ती माझ्याकडून शिकली, सिंधी मी मास्तरांकडून शिकले.

मग फाळणी झाली. गल्ली रिकामी होत गेली. मास्तरांनी गोपीला काकाबरोबर बोटीनं पुढं पाठवलं. स्वतः शाळेचं दप्तर सोपवायला मागं राहिले. त्याच दिवसांत नगरहून माझ्या भावाची, दादाची, तार आली: आई अत्यवस्थ, लगेच ये.

यांना रजा मिळेना. मी एकटीच विमानतळावर तीन दिवस बसून होते. माणसांनी आवार भरलेलं, जागा एकही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मास्तर आले. त्यांच्याकडे तिकीट होतं. मी तार दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"बेटी, माझ्या जागेवर तू जा. मी उद्याच्या विमानानं येतो. आईला उद्या नाही."

मी नको म्हणायला हवं होतं. एकदा, वरवर तरी. मी म्हटलं नाही. त्यांनी विमानतळावरच्या कारकुनाच्या हातापाया पडून नाव बदलून घेतलं.

खरंच चार तास लागले. खाली नुसतं पाणी. आई जगू दे, एवढीच प्रार्थना मी सारा वेळ करत होते. मास्तरांसाठी एकदाही केली नाही.

आई वाचली. पुढं सात वर्षं जगली. पण त्याच आठवड्यात कराचीत दंगल उसळली. महिन्यानं हे परत आले. म्हणाले, "मास्तरांच्या घरात अनोळखी माणसं राहतात. मास्तरांना कुणी पाहिलं नाही."

नगरजवळ विसापूरला निर्वासितांची छावणी पडली, तेव्हा मी तिथं गेले. बराकी-बराकींतून विचारत फिरले. गोपी पाण्याच्या रांगेत सापडली. माझ्या गळ्यात पडली.

"अदी, बाबा विमानानं येणार होते. तुला भेटले?"

मी सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "तुझी आई?"

"बरी आहे."

तिनं मान हलवली, घागर उचलली आणि रांगेत पुढं सरकली.

भाचरांनो, तुमच्यातले काही आता परमुलखात आहेत. आत्या, तुला परत आल्यावर घर मिळालं का, असं पत्रातून विचारता. मिळालं. बाजारात सिंधी बोलणं कानावर आलं की मी अजून थबकते, म्हाताऱ्यांचे चेहरे निरखते. सात वर्षं मी आईच्या हातचं जेवले. ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं होतं, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही.