बांधलेले गुडघे

दौलतमामा गेल्याचं मामीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी उटनूरच्या शाळेत होते. रडू आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेसाठी आदिलाबादला गेले, तर एकेक जण माईकवर येऊन सांगत होता, गुरू असावा तर असा. मामीकडे बघून मी माईकजवळ गेले नाही. त्याला महिना होऊन गेला... आता लिहिते.

मामा, माझ्या आईचा भाऊ, कचेरीत कारकून होता. संध्याकाळी साहेबांच्या क्लबातल्या मातीच्या कोर्टावर पोरांना आणि मला टेनिस शिकवायचा. स्वतः शिकला तो साहेबांचा खेळ बघून, आणि बघितला तो फक्त त्यांचा हात. “ताकद हातात हाय पोरी. बाकी अंग हालू देऊ नको.” सर्व्हिस करताना माझे गुडघे आपोआप वाकत, कंबर वळे. त्याला ते खपायचं नाही. एका संध्याकाळी त्यानं माझ्याच ओढणीनं माझे गुडघे बांधले आणि सगळ्यांसमोर सर्व्हिस करायला लावली. मग ते रोजचंच झालं. खांदा ठणकायला लागला. “मामा, दुखून राह्यलं.” “दुखते म्हंजे हात बनून राह्यला.”

जिल्ह्याच्या सामन्यात ओढणी नव्हती, पण पाय आता वाकतच नव्हते. चेंडू उडवला, हात जोरात फिरवला आणि खांद्यात काहीतरी तुटलं. रॅकेट खाली पडली. मामा साहेबांच्या शेजारून ओरडला, “उचल ते!” मी डाव्या हातानं उचलली. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं की फटक्याचा जोर जमिनीतून येतो. पाय, कंबर, पाठ, खांदा असा चढत जातो आणि हातात शेवटी पोचतो. खालचं सगळं जखडलं, तर सारा भार एकट्या खांद्यावर येतो. तो माझ्या खांद्यावर आला आणि स्नायू फाटला. मामानं मात्र नात्यात सांगितलं, पोरीत जिद्दच नाही.

यंदाच्या हिवाळ्यात त्याचाच खांदा आखडला. सदरा घालता येईना. माझ्या दुखापतीमुळे मला खांद्याचे व्यायाम ठाऊक, म्हणून बोलावणं आलं. मी गेले. त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, “पाठ सैल सोडा, तिथून उचला.” “हात हातानंच उचलतेत,” तो खेकसला. मग मी इतकी वर्षं गिळलेलं विचारलं, “मामा, माझे गुडघे काऊन बांधले होते तुमी?”

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी...

“तू लई हालत होती,” तो म्हणाला.

मी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या आणि निघाले. तीच शेवटची भेट.

शाळेत मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते. मागच्या बाकावरच्या मुली उभ्या राहून वाचतात. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमी वर काऊन नाई लिहीत?”

“माझे मामा टेनिस शिकवायचे,” मी म्हटलं, आणि पुढची ओळ लिहायला खाली वाकले.