ब्रेक न लागलेला पोचा

चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करण्यात ठोकेमामांची चाळीस वर्षं गेली. त्या ठोकाठोकीत कानांनी दगा दिला, पण तळवा मोठा तयार. पोच्यावरून हात फिरवला की गाडी कशी आदळली ते सांगून मोकळे. एकदा एक वकील शपथेवर सांगत होता की माझी गाडी उभीच होती. मामा शांतपणे म्हणाले की पत्रा मात्र पळत होती म्हणतोय. वकिलानं शपथ तिथल्या तिथे मागे घेतली!

त्या दुपारी जावई गाडी घेऊन आला. सोबत लेक आणि सहा वर्षांची नात. नातीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. शाळेतून तिला आणताना पुढची गाडी मध्येच थांबली, आपण कचकचून ब्रेक दाबला, तरी आदळलीच, अशी कहाणी जावयानं तिखटमीठ लावून सांगितली.

मामांनी डोळे मिटून तळवा फिरवला. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं आणि मार वर, बॉनेटच्या कडेला बसतो. इथे बॉनेट धडधाकट. बंपर तेवढा सरळ आत गेलेला.

"जावईबापू, ब्रेकला पाय लागलेलाच नाही. नजर कुठे होती?"

जावई चाचरला. ऑफिसचा मेसेज होता म्हणे, दोनच सेकंद पाहिलं.

लेकीनं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तिलाही घरी ब्रेकचीच कहाणी ऐकवली होती. मामांचं तर टाळकंच सटकलं. लग्नापासून जावयाला अहोजाहो करणारा माणूस एकेरीवर आला.

"दोन सेकंदांत गाडी त्या विजेच्या खांबापर्यंत जाते. मीट डोळे आणि चाल तिथवर."

जावई डोळे मिटून निघाला. चौथ्या पावलाला गटाराच्या भीतीनं डोळे उघडून उभा राहिला.

"चालताना चार पावलं धीर धरवेना तुला," मामा म्हणाले, "आणि माझी नात मागे बसवून खांबापर्यंत गेलास?"

बंपरला हात लावायला मामांनी साफ नकार दिला. लेकीनं हात पुढे केला, जावयानं किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली आणि गुमान मागच्या सीटवर नातीशेजारी जाऊन बसला.

लेक अजून रोज तीच गाडी चालवते, तशीच, पोच्यासकट.