कितवी पिढी? एकलहरे ते हरसूल, आमच्या जुन्या सेडानमधून

गाडी ठेवायची की द्यायची, यावरून आमच्या घरात दिवाळीपासून धुसफूस चालू होती. नोंदणीची मूळ मुदत कधीच संपलेली, वाढवून घेतलेलीही संपत आलेली. माझं म्हणणं, आता बास. सगळं जग उंच गाड्यांकडे वळलंय, तुम्हीही एखादी उंच घ्या, गुडघ्यांना चढउतार सोपी पडेल. पप्पांचं म्हणणं, जिला डिक्की नाही ती गाडी नाही, डबा आहे.

पप्पा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झाले. सगळी नोकरी टर्बाइनच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना थोडं कमी ऐकू येतं आणि ते स्वतः बोलतात तेव्हा गल्लीला ऐकू जातं. त्यामुळे आमची धुसफूसही गल्लीला तोंडपाठ होती.

तेवढ्यात नाशिक जिल्ह्यातल्या आमच्याच मॉडेलच्या मालकांच्या ग्रुपवर निरोप आला. रविवारी हरसूलला सगळ्या पिढ्यांच्या गाड्या जमवायच्या, रांगेत लावून फोटो काढायचा, जेवायचं आणि परत. पप्पांनी तिथल्या तिथे पैज लावली.

"जाताना त्र्यंबकवरून जाऊ, येताना वाघेरा घाट. घाटात गाडी एकदाही थांबली नाही तर ठेवायची. थांबली तर तू म्हणशील तसं."

"मंजूर," मी म्हटलं. मला या इंजिनाची खोड माहीत होती. सपाटीवर ते घड्याळासारखं चालतं, चढ आला की विचारात पडतं. म्हणजे पैज मीच जिंकणार होते.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कंपनीची जाहिरात करायचं मला काही कारण नाही, आणि ज्यांना ओळखायची त्यांना पुढच्या वर्णनावरून ओळखू येईलच. मध्यम आकाराची, चार दारांची, मोठ्या डिक्कीची घरगुती सेडान. आपल्याकडे एके काळी कॉलनीत ही आली की पेढे वाटले जायचे.

रविवारी सकाळी पप्पा पिवळं फडकं घेऊन गाडीभोवती फिरत होते. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती पुसून झाली, काचा झाल्या, मग टायरसुद्धा पुसले. शेजारच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, "जय भीम साहेब! आज कुठं स्वारी?"

"परीक्षेला!" पप्पा ओरडले. समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं उठून बसलं.

बसायची व्यवस्था पूर्वापार ठरलेली. स्टिअरिंगवर पप्पा, डावीकडे मम्मी, मागे मी. चाळिशीला आलेली, स्वतःची गाडी चालवणारी बाई पुन्हा मागच्या सीटवर, आणि वर "दार हळू लाव" हे ऐकून घ्यायचं. घेतलं.

तुम्ही जाणार असाल तर नाशिकरोड आणि द्वारका उजाडताच ओलांडा. सातपूरच्या पुढे रस्ता चांगला आहे, पण सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे मधेमधे खोदलेला सापडतो. बसक्या गाडीवाल्यांनी स्पीडब्रेकरचं भान ठेवावं. पप्पा प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घेतात, एकेक चाक चढवून, म्हणजे गाडीचं पोट घासत नाही. मागून हॉर्न वाजतात. पप्पांना ते ऐकू येत नाहीत, किंवा येतात.

अंजनेरीच्या अलीकडे चुलीवरच्या मिसळीला थांबलो. रस्सा काळा, वर दही, बाजूला पापड, आणि पावाची कितीही मागणी चालते. तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा. मम्मीनं तो वेगळा मागितला आणि मग सगळा ओतून घेतला. त्र्यंबकेश्वरात सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा दर्शनाला जायचं नसेल तर गावात शिरू नका.

त्र्यंबक सोडलं की खरी मजा सुरू होते. रस्ता अंबोलीवरून खाली उतरत जातो. दोन्ही बाजूंना डोंगर, कापलेल्या भाताची खाचरं, खळ्यावर रचलेला पेंढा. गार हवा होती, काचा उघड्या होत्या, आणि पप्पा उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये धरून अशी शांत नेत होते की मम्मीचा डोळा लागला. मम्मी त्यांच्याशेजारी झोपते तेव्हा पप्पांना तो पुरस्कार वाटतो. इतकी वर्षं गाडी चालवली, पण कुणाच्या गाडीला साधा ओरखडा नाही काढला. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत नाही, इथे लिहून टाकते.

हरसूलच्या बाहेर एका मोकळ्या वावरात जमायचं ठरलं होतं. शेजारच्या घरी जेवण सांगितलेलं. आम्ही पोचलो तेव्हा दहाबारा गाड्या आल्या होत्या आणि ग्रुपचा अक्षय नावाचा उत्साही मुलगा शिट्टी वाजवत त्या रांगेत लावत होता. पिढीनुसार रांग, डावीकडून पहिली, मग दुसरी, अशी पाचवीपर्यंत. डावीकडची पहिली जागा रिकामी होती, कारण पहिल्या पिढीची गाडी जिल्ह्यात ग्रुपमधल्या एकाकडेच, आणि ते सटाण्याहून यायचे होते.

अक्षयनं लांबूनच हात वर केला. "काका! कितवी पिढी?"

"पहिली!" पप्पांनी काच खाली करून सांगितलं. आख्ख्या वावरात ऐकू गेलं.

तोवर अक्षय आमच्याकडे पाठ करून आणखी एका गाडीला मागे घेत होता. त्यानं न बघताच डावीकडे हात केला. पप्पांनी गाडी नेऊन थेट पहिल्या जागेवर लावली, चाकं सरळ केली, उतरले.

मी मागून म्हणत होते, "पप्पा, आपली दुसरी पिढी आहे," पण तोवर पप्पा भेटीगाठींत.

थोड्या वेळानं सटाण्याचे देवरे आले. पहिल्या पिढीची, अस्सल, राखाडी. आणि जागेवर आम्ही. अक्षय धावत आला, आमची गाडी बघून कपाळाला हात लावला. "काका, ही तर दुसरी पिढी! तुम्ही पहिली म्हणालात."

"गाडीचं विचारत होतास होय?" पप्पा म्हणाले. "मला वाटलं, आमचं विचारतोय."

कुणालाच काही कळेना. पप्पा हसत हसतच सांगू लागले. "अरे, आमच्या घरात बैलगाडीपण नव्हती कधी. माझे वडील दुसऱ्यांचा कांदा दुसऱ्यांच्या गाडीत भरून द्यायचे, आणि त्या गाडीमागं चालत लासलगावला जायचे. वर बसायची सोय नव्हती त्यांना. घरात चाकं आणणारा मी पहिला. म्हणून म्हटलं पहिली. थांब, काढतो गाडी."

हसत होते खरे, पण आवाज तोच, टर्बाइनचा. लांबचे लोकही वळून बघू लागले. आजोबा कांद्याच्या गाडीमागे चालत जायचे हे मी आधी ऐकलं होतं. मात्र इतक्या लोकांसमोर, इतक्या सरळपणे, कसलीही लाज न बाळगता सांगताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले आणि मान ताठ झाली, दोन्ही एकदम.

पप्पा चावी घेऊन निघाले तसे देवऱ्यांनी त्यांचा हात धरला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "राहू द्या दादा, तठेच राहू द्या. तुमनी गाडी पहिलीच शे. मी बाजूले लावस."

आणि त्यांनी खरंच दुसऱ्या जागेवर लावली.

मग बाकीचे बॉनेट उघडून इंजिनं बघत बसले आणि मी एकेका गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं, कारण घरच्या गाडीची खरी परीक्षा तिथे होते. देवऱ्यांची पहिली पिढी म्हणजे बसक्या छताची, कंगोऱ्यांची, चपळ इंजिनाची. चालवणाऱ्याची चैन, पण मागे बसलं की गुडघे छातीला. आमची दुसरी आली तेव्हा कंपनीनं सगळंच उलटं केलं होतं. छत घुमटासारखं उंच, नाक आखूड, इंजिन शांत आणि पेट्रोल जपून पिणारं. पहिलीच्या चाहत्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती. पप्पांनी मात्र शोरूममध्ये इंजिनाचं काही विचारलंच नव्हतं. मला, भावाला आणि मम्मीला मागे बसवलं, वाकून आमच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "पाय मोकळे राहतात. हीच." तिसरी पिढी बाणासारखी, तिच्यात ताकद परत आली. चौथीत डिझेल मिळू लागलं आणि मागच्यांना एसीचा स्वतंत्र झोत मिळाला. पाचवी सगळ्यांत लांब, छताला खिडकी, आणि पेट्रोलला बॅटरीची जोड असलेलीही एक होती. आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं. खोटं कशाला बोलू, पाचवी मला फार आवडली. पण पाय पसरायला जागा आमच्या दुसरीतही जवळजवळ तेवढीच आहे.

जेवायला नागलीच्या भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा, भात. पोटभर जेवण आणि शहरातल्या एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त. वाढणाऱ्या ताईंनी आमच्या गाडीकडे बघून विचारलं, "लय बसकी हाय ना ही? आमच्या रस्त्याला टेकंल."

"टेकते," मम्मी म्हणाली, "पण मागं लय मावतं." आणि ते सिद्ध करण्यासाठी तिनं त्यांच्याकडून नागली, वरई आणि तांदूळ घेतले. पोतीच. डिक्की भरली, गाडीचा मागचा भाग चांगला दबला. पप्पांनी मागची टायरं बोटानं दाबून बघितली. मी मनात म्हटलं, मम्मी माझ्या बाजूनं आहे.

परतीला वाघेरा घाट. रस्ता अरुंद, वळणं आवळ, समोरून येणाऱ्याला आधी हॉर्न द्या आणि मगच वळा. पप्पांनी एसी बंद केला, दुसरा गिअर धरला, आणि गाडी गुरगुरत चढू लागली. मी तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून होते. काटा जागचा हलला नाही. पहिली दोन वळणं मस्त गेली. मग पुढे विटांचा ट्रक आला, मुंगीच्या पावलानं चढणारा. त्याच्यामागे अर्धा क्लच, थोडं पुढे, पुन्हा अर्धा क्लच. इंजिन तक्रार करत नव्हतं. पप्पांच्या डाव्या गुडघ्याचं काय चाललंय ते मला आरशात त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

वळणाआधी जरा रुंद जागा आली तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच होतं.

"थांबली," ते म्हणाले. "हरलो. गाडी नाही हरली, मी हरलो."

इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी क्वचितच ऐकलंय. मम्मीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी उतरले, पुढचं दार उघडलं. "सरका. मागे बसा."

मागची डावी-उजवी दोन्ही दारं त्यांनी बघितली, कुठून बसायचं हे ठरवता येत नसल्यासारखं. मग बसले. मी सीट पुढे ओढली. भरलेली डिक्की, समोर चढ. हँडब्रेक, क्लच वर घ्यायचा, नाक जरा उचललं की ब्रेक सोडायचा. हे याच गाडीवर, एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या चढावर, याच माणसानं शिकवलेलं. गाडी एक इंचही मागे न जाता निघाली. मागून आवाज आला, "शाब्बास!" नेहमीच्या आवाजात.

घाट चढून वर आल्यावर मी म्हटलं, "पैज गाडीवर होती ना? गाडी चढली."

"थांबली होती."

"तुम्ही थांबवलीत. ती कुठं थांबली? इंजिन बंदसुद्धा झालं नाही."

"बरोबर आहे तिचं," मम्मी म्हणाली, आणि निकाल लागला.

गिरणारे आलं. द्राक्षबागा सुरू झाल्या तसं मी आरशात पाहिलं. दोन्ही पाय ताणून, मान मागे टेकून बसले होते. ही गाडी घरात आल्यापासून ते तिच्या मागच्या सीटवर एकदाही बसले नव्हते. आम्हाला बसवून बघितलं होतं, तेवढंच.

"अगं, इथे पाय खरंच मोकळे राहतात," ते म्हणाले. "मी तेव्हा बरोबर निवडली की."

"एकदम बरोबर, पप्पा."

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. सगळी मिळून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, एका दिवसात आरामात होणारी सहल. तुम्ही कराल तर बाजाराचा दिवस विचारून घ्या, कारण त्या दिवशी हरसूलच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. डिक्की रिकामी न्या.

गाडी ठेवतोय. नोंदणी वाढवायला मी स्वतः घेऊन जाणार आहे, आणि रविवारी चालवणारही मीच. पप्पांनी मागची उजवी बाजू पक्की केली आहे. तिथून सूचना देणं सोपं पडतं म्हणे. उंच गाडीचा विषय मी काढत नाही, कारण ती रांग आठवते आणि त्या रांगेतली आमची जागा आठवते, आणि इतका अभिमान वाटतो की वाद घालायची इच्छाच राहत नाही.

संध्याकाळी अक्षयनं ग्रुपवर फोटो टाकला. डावीकडे आमची, पुढे पप्पा कमरेवर हात ठेवून उभे. लगेच न आलेल्यांपैकी कुणीतरी लिहिलं, "पहिल्या नंबरला दुसरी पिढी कशी? क्रम चुकलाय."

अक्षय काहीतरी लिहीत होता. त्याच्याआधी मी लिहिलं, "क्रम बरोबर आहे."