भिंतीपलीकडची धमधम

वाटणीत आमच्या अमडापूरच्या बैठकीत मधोमध भिंत आली. पलीकडे थोरला भाऊ, अलीकडे मी. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

मी नवा सबवूफर, म्हणजे गाण्याची धमधम वाढवणारा स्पीकरचा डबा घेतला, तर तो नुसता घुमायचा. दुकानदार म्हणाला, डबा तुमच्या बसायच्या जागी ठेवा अन् तुम्ही भिंतीकडेनं रांगत फिरा. आवाज जिथं साफ लागेल, तीच त्याची जागा. दिवाणावर सबवूफर बसला, खाली मी रांगतोय. बायको हसली, मी तिच्यावर खेकसलो. आणि जागा सापडली ती नेमकी वाटणीच्या भिंतीच्या कोपऱ्यात. माझ्या घरात मी कुठंही ठेवीन, म्हटलं, अन् डबा तिथंच मांडला.

दुसऱ्या दिवशी गाणं लावलं, तर थोड्याच वेळात वहिनी दारात उभ्या. मी भांडायला तयारच होतो.

"भावजी, तुमचे भाऊ इचारून राह्यले, गाणं कोणतं हाय? भिंतीतून निस्ती धमधम येते."

मी गाण्याचं नाव सांगितलं. वहिनी गेल्यावर दार सताड उघडं टाकून तेच गाणं पुन्हा लावलं.

भाऊ आला नाही. पलीकडचा टीव्ही मात्र बंद झाला.